पायरीवरचा बर्फ

केमीत नाताळच्या दिवशी तीनलाच अंधारून येतं.
आउनेनं नवऱ्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावली;
काडी दोनदा विझली, तो असता तर हसला असता.
सगळं कब्रस्तान उजळलेलं.
गेलेल्यांकडे आज कुणी ना कुणी येतंच.

परतताना रेइयोचं फाटक लागलं.
गुरुवारी पडलेला बर्फ पायरीवर तसाच,
एक पाऊल नाही,
ना आत जाणारं, ना बाहेर येणारं.
खिडकीत टीव्हीचा निळा उजेड.

मुलगा गेल्यापासून तो बोलत नाही कुणाशी.
काय बोलायचं, तिलाही सुचेना.
पिशवीत एक मेणबत्ती उरली होती,
ती पायरीवर रोवून पेटवली

आणि दार न वाजवता
फाटकापासून पायरीपर्यंत
चार खेपा घातल्या उगाच,
बर्फ चांगला तुडवत,
पाहुणे येऊन गेलेल्या घरासारखा.