मधली चित्रं

पहिल्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप होतं.
हत्तुरे सरांनी प्रत्येकाला एक काचेचं टेबल दिलं,
खाली ट्यूबलाइट, कडेला कागद अडकवायच्या खुंट्या,
आणि म्हणाले, चेंडू पाडा.

एवढंच.
मला पतपेढीचे चाळीस हजार आठवले
आणि मी चेंडू पाडला.
तो पडलाच नाही. उतरला,
अनोळखी जिन्यावरून जपून उतरणाऱ्या पाहुण्यासारखा.
"वजन कुठाय?" सर म्हणाले,
"तुझ्या चेंडूला जमीन माहीत नाही, कुरापाटी."

शेजारच्या तबस्सुम नदाफचा चेंडू मात्र
टेकताक्षणी भाकरीसारखा पसरला आणि उठला.
कुठं शिकलीस, विचारलं.
"दोन भाऊ आहेत, बारके," ती म्हणाली,
"कपाट, भिंत, माझं डोकं, सगळीकडं टप्पेच असतेत."

मी धरून चालले होते की इथे आल्याबरोबर
माझा ड्रॅगन उडणार.
वहीच्या मागच्या पानांवर सातवीपासून वाढवलेला,
बारशासकट सगळं झालेला ड्रॅगन.
तो महिनाभर दप्तरातच बसून राहिला.
डबा सांडला त्या दिवशी
शेंगाचटणीचं तेल लागलं त्याच्या पंखाला.

सेकंदाला चोवीस चित्रं, मी घरी सांगितलं,
मिनिटाला चौदाशे चाळीस.
अम्मा सुपावर पानं कातरत होती.
"हजार विड्यांना मला दिवस जातो," ती म्हणाली,
"मिनिटाचं काय देतेत तुम्हाला?"
मला माहीत नव्हतं.
अजून विचारलं नाही कुणाला.

ऑक्टोबरात भर दुपारी वीज जायची,
टेबलं विझायची.
मग आम्ही सगळे खिडक्यांना भिडायचो,
काचेवर कागद, कागदावर कागद.
सोलापुरात बाकी काहीही कमी पडेल, ऊन नाही.
माझा चेंडू पहिल्यांदा जड झाला तो तिथे,
सरावानं की तळहाताच्या घामानं, सांगता येत नाही.

नायना जकार्डचे पुठ्ठे पाडतात.
चादरीवरच्या एका मोराला सहाशे पुठ्ठे,
एकाही पुठ्ठ्यात मोर नसतो, नुसती भोकं.
माझी चित्रांची गड्डी त्यांनी अंगठ्यानं सोडली.
एकदा. परत एकदा.
कौतुक वगैरे काही नाही.
"सात आणि आठच्या मधी अजून एक पाहिजे,"
म्हणाले, आणि चहाला उठले.
सर तीन दिवस तेच सांगत होते, इंग्रजीत.

लहानपणी मागावरचे धोटे मला दोन वाटायचे,
एक डाव्या पेटीतला, एक उजव्या.
मधून कुणी जातं हे दिसायचंच नाही.

आता मधलंच दिसतं.
रिक्षातून उतरणाऱ्या म्हातारीचा पाय
हवेत जमीन शोधतो, तेवढी दोन चित्रं.
सत्तर फूट रोडवर शिंकेच्या आधी
तोंड उघडून थांबलेला हवालदार.
तबस्सुम म्हणते, डोळे बिघडलेत तुझे,
आणि हे म्हणताना तिची भुवई
तिच्या शब्दांच्या जरा आधी वर जाते.

काल रात्री अम्मासमोर पाट घेऊन बसले.
पान, तंबाखू, वळण, दोऱ्याचे वेढे,
आठ चित्रं नीट आली.
तोंड नखानं आत दडपते, ते नववं सापडेना.
"अम्मा, जरा हळू वळ की."
तिनं मान वर केली नाही.
"हळू वळल्यावर हजार कधी व्हायचे?"

नववा कागद कोरा आहे अजून.