नेरुंग

दुपारी तुनाच्या दांडीवर पॉलिशपेपर फिरतो,
आणि माडीवरून पोरीचं पाठांतर.
आज एकच शब्द, खिळा ठोकावा तसा:
नेरुंग. नेरुंग.

तहसीनचा जर्मनचा वर्ग मिरज स्टेशनसमोर, चष्म्याच्या दुकानावर.
परीक्षा झाली की तिकडच्या इस्पितळात नर्स,
गाव कुठलंसं, उत्तरेच्या समुद्राकाठी.
'अब्बा, त्या गावाजवळ नेरुंग आहे.'
म्हणजे?
'वाळूचा दांडा. एका अंगाला समुद्र,
दुसऱ्या अंगाला अडवलेलं पाणी,
मधे हाकेच्या अंतराची जमीन,
कोसच्या कोस लांब.'

मी समुद्र पाहिला एकदाच,
दोन तंबोरे पोचवायला रत्नागिरीला गेलो तेव्हा.
पाहिला कसला,
गवसण्या भिजू नयेत म्हणून पाठ करून उभा होतो.

शब्द आला कुठून, मी विचारलं.
लाकूड कुठलं, हे कळल्याशिवाय मी रंधा लावत नाही.
ती म्हणाली, नक्की कुणालाच माहीत नाही.
काहीजण म्हणतात, मूळ अर्थ अरुंद.
अरुंद, नेरुंग. कानाला तर सख्खे भाऊ वाटतात!
ती हसली. 'तसं नसतं, अब्बा.'
काहीजण म्हणतात, त्या किनाऱ्यावर दुसरीच भाषा होती,
आता ती बोलणारं एकही माणूस उरलं नाही.
तिच्या बहिणीकडे, शेजारच्या मुलखात,
त्याच धातूचा अर्थ अजून जिवंत आहे:
बुडी मारणं.

यावर मी पेपर खाली ठेवला.

हरिपूरला, वारणा कृष्णेत शिरते तिथं
मेहुण्याची हळद आहे, जमिनीच्या जिभेवर.
पुराच्या साली आम्ही गच्चीवरून बघत होतो.
तहसीन सातवीत. सारखी विचारायची,
मामूचं शेत कुठाय?
मी नुसतंच बोट दाखवायचो,
पाण्याकडे, कुठंही.
नवव्या दिवशी आधी बाभूळ दिसली,
मग बांध,
मग दाव्यासकट एक खुंटा, म्हैस नसलेला.
आणि सगळ्यावर असा मऊ गाळ
की जैनुद्दीन रडता रडता त्यात हात घालून बघत होता.

'परीक्षेत कुठला अर्थ लिहिणार?'
'असलं परीक्षेत विचारत नाहीत.'
ती चहा टाकायला गेली.

दांडी उचलून डोळ्याशी धरली.
चार बोटं रुंद. सरळ आहे.
या टोकाला बेगमपूरचा भोपळा बसेल,
त्या टोकाला खुंट्या,
मधून तारा जातील,
जातील तितक्या लांब.