तिकडे

रुवीत, फार्मसीच्या वरच्या मजल्यावर
रात्री अकरानंतर माझ्या फोनवर प्रश्न येतात.
मराठी, पण रोमन अक्षरांत.

'ताई, तिकडे जळजळ होते.
आईला कळेल का?'

गुहागरला आमच्याकडे
तिकडे म्हणजे मस्कत.
बाबा तिकडे असतात, एवढंच सांगायचं;
पुढचं कुणी विचारायचं नाही.

मी लिहिते : लघवी करताना? ताप आहे?
पाणी पी. उद्या चारला ये,
टोकनवर नाव नसतं.

तीन ठिपके हलतात, थांबतात, हलतात.
'त्या जागेला मराठीत काय म्हणतात?'

एकोणीस वर्षं नर्स आहे मी.
उठून दार लावलं,
आधी तोंडाने म्हणून पाहिलं,
मग लिहिलं :
योनी.

पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग : 'एवढाच शब्द?'