पाऊणपट

दाखल्यावर रकाना होता दीड इंचाचा:
शाळा सोडण्याचे कारण.
कारकुनाने विचारलं, बदली का? मी म्हटलं, नाही.
मग काय लिहू?
शेवटी त्यानेच लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून,
आणि खाली, मला न विचारता, वर्तणूक: चांगली.

मेच्या एका रविवारी रात्री, चारकोपच्या दीड खोलीत,
मी ओट्याशी बसले पतपेढीचं कॅलेंडर घेऊन.
जानेवारी ते एप्रिल, चार पाठकोरी पानं.
त्यांवर पट्टीने आखलं मिहिकाचं सातवीचं वर्ष.
पलीकडून दूध आणि सिलिंडरच्या खुणा
उलट्या उमटत होत्या चौकोनांत.

हेमंत लॅबमधून रात्रपाळी करून येतो, बारापर्यंत झोपतो.
म्हणून सकाळी न बोलायचे विषय:
भूमिती, नकाशे, हस्ताक्षर.
पाठांतर दुपारी. लढाया तर चारनंतरच.
विज्ञानाला प्रयोगशाळा नाही, दही आहे,
गच्चीवरची टाकी आहे,
आणि वरच्या मजल्यावरच्या कर्णिकांचा बंद पडलेला पंखा.
ते म्हणाले, खोलू दे तिला,
परत जोडता नाही आला तरी चालेल.
हिंदी मला येते.
संस्कृत मी पुढच्या पानावर ढकललं.
गणिताशी पेन्सिल थांबली.

सातवीत मी अपूर्णांकांच्या भागाकारावर रडले होते,
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

नणंद फोनवर म्हणाली, सगळं ठीक, पण मैत्रिणी कुठून आणशील?
त्याचाही एक रकाना आखला. मग खोडला.
खोडलेलंही दिसतंय.

प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, मुलगी शांत आहे.
बासष्ट जणांत कुणीही शांत दिसेल.
घरी ती मांजरीशी भांडायची,
कुकरच्या शिट्ट्या मोजायची, एक जास्त झाली की
बाथरूममधून ओरडायची, आई, चार!
सहावीच्या दिवाळीनंतर
शिट्ट्या मीच मोजत होते.

सोमवारी साडेदहाला रेजिना मावशी आली, गोराईहून, बोंबील घेऊन.
मिहिकाने विचारलं, अगदी हळू, उद्या कोळंबी कधी?
मावशीने बोटांची पेरं चाचपली.
"आज पंचमी ना? पाचाची पाऊणपट कर.
पावणेचारला भरती. उद्या साडेचार.
भरतीवर होरी येल, मंग मी."
आणि टोपली उचलून जिना उतरली.

मिहिका उंबऱ्यावरच बसली.
पाचाचा पाव, त्याची तिप्पट. पंधरा पाव.
सहाचा. सातचा: सव्वापाच.
ओठ हलत होते, हात फरशीवर काहीतरी मांडत होते.
माझे बोंबील तसेच ताटात.
मग ती ओरडली, पूर्ण आवाजात,
"आई, अष्टमीला बरोब्बर सहा! अष्टमीला काहीच उरत नाही!"
आत हेमंतने कूस बदलली.
अकरासुद्धा वाजले नव्हते.
तिला हळू बोल असं कुणी म्हटलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी गोराईच्या धक्क्यावर आम्ही दोघी,
तिच्या हातात खडू, माझ्या हातात घड्याळ.
सहा वाजले. पाणी पायऱ्या चढतच होतं.
तिने एक खूण केली, बुडाली. दुसरी केली, बुडाली.
तिकीटवाला म्हणाला, बाळा, बोट गेली, परत जायचं नाही का?
ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, थांबा, अजून चढतंय.
सहा बावीसला एक खूण कोरडी राहिली.

घरी आल्यावर मी कुकर लावला.
मागे वळले तर गणिताच्या रिकाम्या रकान्यात,
जानेवारीच्या पाठीवर, तिचं तिरपं अक्षर:
बावीस मिनिटं उशीर.
पाण्याला की आपल्याला? शोधायचं आहे.

संस्कृत अजून पुढच्याच पानावर आहे.