चौदा मिनिटं

भूकंपानंतर लाट यायला चौदा मिनिटं,
असं आमचं मॉडेल म्हणतं.
टेकडीवरच्या हिरव्या पाटीपर्यंत सहाशे दहा मीटर.

चिलीतल्या या कोळीवाड्यात
मी स्टॉपवॉच धरून
एदुविहिसबाईंच्या मागे चालते आहे.
वय एक्याऐंशी, डाव्या गुडघ्यात सळई.

पहिल्याच वळणावर त्या थांबल्या.
रोसामेलच्या दारावर काठी आपटली,
"ऊठ रे बहिऱ्या!"
पुढे कुणाच्या तरी कुत्र्याची साखळी सोडली.
मग एका कुलूपबंद घरापाशी
नुसत्याच उभ्या राहिल्या.
ते मागच्या लाटेपासून रिकामं आहे
हे मला दुपारी कळलं.

"बाई, चला ना, घड्याळ चालू आहे."
"चालू दे की. त्याला कुठे शेजार आहे?"

एकवीस मिनिटं, चाळीस सेकंद.
वर पोचल्यावर त्यांनी ॲप्रनच्या खिशातून पाव काढला,
अर्धा मला दिला.

रात्री पडद्यावर
माझी तीनशे बारा माणसं
सरळ रेषेत टेकडी चढत होती,
एकेकटी,
कुणाचंही दार न वाजवता.

तक्त्यात एक नवा रकाना आखला.
त्याला नाव सुचेना.
सरांनी समासात लिहिलं : हे मोजणार कसं?

सध्या दारं मोजते आहे.
चोवीस झाली.