शिक्का

निखारे काटावाले, मस्कासाथ.
माझ्या यादीत एकशे चौदावी ओळ.
डोमेन घेताना दमडूजींशी तासभर घोळ चालला होता
एका अक्षरावरून.
एका 'ए'चा काटा कुणीतरी आधीच नेलेला,
शिल्लक होता दोन 'ए'चा.
"म्हंजे त्याच्याहून वजनदार," म्हणाले, "घे."
मग नोटा मोजताना, स्वतःशीच:
"निखारे बी अन् काटा बी. गिऱ्हाईक येईन कसं?"

नाव कायमचं विकत मिळत नाही
हे समजावणं या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम.
डॉक्टर भांडतात, कोचिंगवाले भांडतात,
एकदा दिले ना पैसे, मग दरवर्षी काय?
दमडूजी भांडले नाहीत.
खिशातून पितळी पाव किलो काढून
टेबलावर पालथं ठेवलं.
बुडाशी शिसं, शिशावर ठोकलेले सालांचे आकडे,
एकाला खेटून दुसरा.
"वजन माह्यं. पन ते खरं हाय, हे सरकार सांगते.
अन् ते बी मुदतीपुरतं.
तसंच ना?"
तसंच.

आठ वर्षं आले, मे महिन्यात, नवतप्यात,
डोक्याला ओला दुपट्टा,
सक्करदऱ्याचा माझा जिना चढून.
ऑनलाइन भरा म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे.
रोख, आणि दोन शब्द:
"मार शिक्का."

यंदा आले नाहीत.
महिना आधी निरोप गेला, मग पंधरा दिवस, सात, एक,
सगळे त्या पेटीत जी मीच त्यांना उघडून दिली होती
आणि जिचा पासवर्ड
बहुतेक कुठल्यातरी बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर असेल.
फोन नुसता वाजला.
मुदत संपली. सवलतीचे दिवस सुरू झाले.
मी माझ्या खिशातून भरणार होतो,
मग म्हटलं, उद्या.
हे उद्या मी पुष्कळ नावांना केलेलं आहे.

बाविसाव्या दिवशी जिन्यात चप्पल वाजली.
"दुकान बंद केलं. कळमन्यात आता सारे बटनाचे काटे.
नाव सोडून दे, हेच सांगाले आलो."
सोडतो म्हटलं. काही आठवड्यांनी मोकळं होईल.
"मंग?"
मग कुणीही घेईल.
"कोन?"
सांगता येत नाही.
सुटलेली नावं टिपणारे असतात, रात्रभर जागे.
सट्टेवाले, नकली औषधवाले.
लोकांचा पत्त्यावर विश्वास बसलेला असतो, तोच त्यांना हवा असतो.
"माह्या नावावर बसतीन?"
हो.
"अन् खोटं मापतीन?"

कूलरची मोटर अडकत होती, मी थाप मारायला उठलो नाही.
तेच पाव किलो त्यांच्या हातात,
या तळव्यातून त्या तळव्यात.

"जास्तीत जास्त किती सालं?"
दहा.
"मले त्र्याऐंशी लागन." बोटांवर मोजलंसुद्धा नाही.
कर किती, उशिराचा आकार किती, सगळं विचारलं.
मी माझं कमिशन सोडलं तर चिडले:
"माप पुरं घे बे."

मग बसून एकेक काढलं.
दुकानाचा फोटो, ज्यात शटर अर्धंच वर आहे.
फोन नंबर. सोमवार बंद.
आता तिथं काय लिहू?
"काहून लिहाचं? काईच नाई."
बदल सगळीकडे पोचायला दोन दिवस लागतील, म्हणालो,
पण तोवर ते जिन्यात होते.

काम नसलं की कधीतरी उघडून पाहतो.
पांढरं पान. हलत नाही.

पाव किलो टेबलावरच राहिलंय.
विसरले की ठेवलं, विचारलेलं नाही.
बुडाचा शेवटचा आकडा फार जुना आहे,
त्यानं तोललं तर गुन्हा होईल.
कूलरच्या वाऱ्यात विजेची बिलं धरून ठेवायला
पुरतं.