पाचवा दिवा

रात्री अडीचला सराईच्या खोलीतला एक दिवा विझतो.
मी दोन पावलं मागे सरतो, तो पेटतो.
पुन्हा पुढे. पुन्हा अंधार.
बाहेर पुंता आरेनासचा वारा
पत्र्याचं छप्पर उचकटू बघतोय,
आणि आत कुणीतरी माझ्याशी लपंडाव खेळतंय.

एकशे बेचाळीस मॉड.
यादी उघडली तेव्हा माझीच मला लाज वाटली.
गवताला वेगळं, गवतावरच्या दवाला वेगळं,
धुक्याला तीन.
एकानं रात्र काळी केलेली, दुसऱ्यानं निळी,
तिसऱ्याचं दोघांशीही पटत नाही.
ड्रायव्हर बदलला. कॅशे पुसला.
मनावर दगड ठेवून सावल्यांचा दर्जा मध्यमवर आणला.
दिव्याचं आपलं तेच.

मग म्हटलं, येर्को, निम्मं कर.
एकाहत्तर बंद: दोष आहेच.
छत्तीस उरली. अठरा. नऊ.
किटलीतलं पाणी तिसऱ्यांदा उकळून गार झालं.
मॉड काढत गेलं की खेळ जुना होत जातो.
पानं पुठ्ठ्याची होतात, डोंगरांना कोपरे फुटतात,
समुद्र तर निव्वळ प्लास्टिक.
असाच होता तो, आम्ही पहिल्यांदा लावला तेव्हा,
एका खुर्चीवर दोघं,
स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अर्धा अर्धा तास.
तेव्हा या समुद्राची
भीती वाटायची आम्हाला.

पहाटे पाचला दोनच उरली,
यादीत शेजारीशेजारी.
एक माझं झुंबर, गेल्याच आठवड्यात बसवलेलं.
दुसरं अवघ्या दोन केबीचं, नाव "दानित्साचा कंदील".
आंतोफागास्ताच्या खाणीत कामाला जायच्या आदल्या रात्री
बहिणीनं स्वतः करून खिडकीत ठेवलेला.
"तू गुहांमधून कधीच वेळेवर परतत नाहीस," म्हणाली होती,
"काहीतरी दिसू दे लांबून."

आता उलगडलं.
या इंजिनाला एका खोलीत
सावली पाडणारे चारच दिवे झेपतात.
शेकोटी, दोन मशाली आणि तो कंदील,
दोन वर्षं सुखानं चाललेलं.
पाचवा मी आणला.
पाचवा आला की एकाला विझावं लागतं,
कुणाला, ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर.

कंदील काढला असता तर एका टिचकीचं काम.
मी झुंबर उघडलं,
ज्याच्या सावल्यांवर भाळून ते घेतलं होतं
त्या सावल्यांसमोरची खूण पुसली.
भिंतीवरची नक्षी गेली.
खोलीभर फिरून आलो, दारातून, जिन्यावरून,
पाठमोरा, पळत, वाकून.
सगळे दिवे जागच्या जागी.

तिला आवाजातच सांगितलं सगळं, दीड मिनिट.
जूनमध्ये इथे दहापर्यंत उजाडत नाही.
तिची रात्रपाळी सुटली तेव्हा उत्तर आलं:
"कसला कंदील?"

आणि मी फोन उलटा ठेवणार, इतक्यात दुसरं:
"मागची खिडकी लाव आधी.
वारा ऐकू येतोय तुझ्या बोलण्यात."